ओठांत धरलेला तुकडा

माझी मुलगी कुत्र्यांना तोंडाने भरवायची. म्हणजे असं, की उकडलेल्या कलेजीचा तुकडा ती स्वतःच्या दोन ओठांत धरायची आणि कुत्र्यासमोर उभी राहायची. कुत्रा मान उंच करून, कान टवकारून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. बऱ्याच वेळाने ती तुकडा फुर्रकन सोडायची आणि तो वरच्या वर झेलायचा. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझी जेवणावरची वासनाच उडाली. मी म्हटलं, अगं, देवाने हात दिलेत की. तर म्हणाली, दोन्ही हात गुंतलेले असतात आई, एकात पट्टा, दुसऱ्याने त्याचे पाय नीट ठेवायचे, मग उरतं काय, तोंडच.

तिच्याकडे डोबरमन आहेत. काळे, उंच, डोळ्यांवर तांबूस ठिपके असलेले. शो असतो तेव्हा मैदानात दोरी लावून चौकोन आखतात, त्याला रिंग म्हणतात. तिथे कुत्र्याने पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. परीक्षक त्याचा जबडा उघडून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, मग पळवून चाल बघतो. उभ्या उभ्या जो कुत्रा आपल्या माणसाच्या तोंडाकडे टक लावतो, त्याच्या मानेला छान बाक येतो, डोळे चमकतात आणि परीक्षकाची नजर त्याच्यावर ठरते. म्हणून ही युक्ती. ती काही माझ्या मुलीने शोधलेली नाही. त्या मैदानावर निम्मी माणसं गालात कलेजी धरून उभी असतात आणि एकमेकांशी बोबडं बोलतात.

मी काळजी करणारी बाई आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण कुणीतरी मला बघूनच केली असावी. गॅस बंद केला का, मुलगी बसमधून नीट उतरली का, एवढ्या मोठ्या कुत्रीचा धक्का लागून मी जिन्यात पडले तर काय, सगळ्याची यादी माझ्या डोक्यात तयार असते. पण ओठांत तुकडा धरण्याची मला फक्त किळस आली, भीती कधी वाटली नाही. घाबरण्यासारखं जे होतं, तेवढंच नेमकं माझ्या यादीतून सुटलं.

चिमी हे माझ्या मुलीचं घरातलं नाव. शोच्या मैदानावर तिला ‘दातवाली’ म्हणतात, कारण ती कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर प्लास्टरच्या साच्यांवर माणसांचे दात बसवते आणि संध्याकाळी घरी येऊन कुत्र्यांचे तपासते. तिचे वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, सोबत एक कुत्री घेऊन. त्या कुत्रीचं नाव राणी. राणी ज्याच्याकडून घेतली त्याच्या कपाटात इतके कप होते की कपाटाचं दार लागत नव्हतं. ऐन उमेदीत, चेंडूमागे धावता धावता, राणी खाली बसली ती उठली नाही. हृदय. या जातीत ते असतं, आईबापांकडून येतं. चिमीने त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, असतं एकेकाचं नशीब. पुढे कळलं, राणीचा बापही तसाच गेला होता आणि हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर माझी मुलगी वेगळीच झाली. दुसरी कुणी असती तर कुत्र्यांचं नाव टाकलं असतं. हिने ठरवलं की करायचं तर डोळे उघडे ठेवून करायचं. काजळ नावाची पुढची कुत्री घेताना तिने आधी काजळचे आजी-आजोबा किती जगले याची चौकशी केली. लोक स्थळाची करतात त्याच्यापेक्षा जास्त. दरवर्षी काजळच्या छातीची तपासणी होते, तो दिवस आमच्या घरात परीक्षेच्या निकालासारखा असतो. सगळं चोख निघालं तेव्हा कुठे तिची एकदा पिल्लं होऊ दिली. ती पिल्लं देताना घरं बघायला मलाही नेलं. एका गृहस्थांना दारात शोभेला कुत्रा हवा होता, त्यांना ही म्हणाली, मग कुंडी घ्या. एका बाईंनी गच्चीत बांधू असं म्हटलं आणि आम्ही त्यांचा चहा अर्धा टाकून उठलो. ज्यांना पिल्लू मिळालं त्या प्रत्येकाला तिने एक शब्द दिला. कधीही, कितीही वर्षांनी, तुम्हाला जमेनासं झालं तर दुसरीकडे देऊ नका, या दारात आणून सोडा.

त्या पिल्लांतला सगळ्यात देखणा म्हणजे भुंगा. चिमीचा जीव त्याच्यावर जडला होता, पण दोन खोल्यांत मी, ती, काजळ आणि आणखी एक नर, हे काजळलाही झेपलं नसतं आणि मला तर नाहीच. म्हणून तो एका औषधवाल्यांकडे दिला. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, वर घर. ठरलं असं की भुंगा राहील त्यांच्याकडे, त्यांचाच म्हणून, पण सुट्टीच्या दिवशी चिमी त्याला रिंगसाठी तयार करेल, शोला नेईल आणि पुढे त्याचं हृदय चांगलं निघालं तर त्याची पिल्लं होतील. या लोकांत असं चालतं. औषधवाल्यांना शाळेत जाणारी एक मुलगी आहे, तिला सगळे छोटी म्हणतात. ती भुंग्याच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघायची.

फोन आला तेव्हा चिमी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिने ऐकून घेतलं. मध्ये फक्त विचारलं, “ओठ? वरचा की खालचा?” आणि थोड्या वेळाने, “तिच्या तोंडात काय होतं?” मग फोन ठेवून ती फरशीवरच बसली. काजळ येऊन तिच्याजवळ बसली.

झालं होतं ते असं. छोटी चित्र काढत होती. दोन्ही हात रंगाने भरलेले, म्हणून लांब बिस्किट तिने दातांत धरलं होतं, अर्धं बाहेर. चित्र भुंग्याला दाखवायला ती त्याच्यापुढे वाकली आणि हसली. तो झेपावला. बिस्किट त्याला मिळालं, त्यासोबत दात तिच्या वरच्या ओठाला लागला. टाके घालावे लागले. खूण पुढे पुसट होईल असं डॉक्टर म्हणाले, पण ‘पुसट होईल’ म्हणजे राहील, हे कुठल्याही आईला कळतं.

चावलेल्या कुत्र्याला काही दिवस नजरेखाली ठेवावं लागतं, तसं भुंग्याला गुरांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिंजऱ्यात ठेवलं. ती मुदत संपली की त्याला कायमचं झोपवायचं, असं औषधवाल्यांनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. चिमीने दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, मी घेऊन जाते म्हणाली. ते म्हणाले, तुम्ही न्याल, उद्या तुमच्याकडे कुणाचं मूल येईल, मग? माझ्या घरात नको ते मी दुसऱ्याच्या घरात का पाठवू? कुत्रा त्यांचा होता, निर्णय त्यांचा होता. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी त्यांच्याच बाजूची होते. तो कुत्रा परत आला तर माझ्याच घरात येणार होता.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा भुंगा पिंजऱ्यात उभा राहून शेपूट हलवत होता. आपण काय केलं याचा त्याला पत्ताच नव्हता. बाई म्हणाल्या, प्रश्न एकच आहे, हे रक्तातून आलंय की शिकवणीतून? रक्तातून असेल तर मी त्याला वाचवा म्हणणार नाही.

बाहेर पायरीवर बसून चिमी मला म्हणाली, “बिस्किट तोंडात होतं हे ऐकल्यापासून मला वाटतंय, मीच शिकवलं हे.”

मी म्हटलं, मग झालं की. म्हणजे कुत्रा वाईट नाही.

“तसं नाही आई. मला शिकवण वाटतेय, कारण मला तेच वाटायला हवंय. रक्त असेल तर काजळ संपली, तिची सगळी पिल्लं संपली, माझं सगळंच संपलं. राणीवाल्या माणसालाही असंच काहीतरी सोयीचं वाटलं असेल.”

म्हणून तिने ते खूळ काढलं. खूळच म्हणते मी. भुंग्याची भावंडं ज्या घरांत होती तिथे जायचं, तोंडात बिस्किट धरायचं, तसंच वाकायचं, हसायचं, आणि काय होतं ते बघायचं. एकानेही झेप घेतली, आणि तो रिंगमध्ये न शिकवलेला असला, तर रक्त. मग काजळला पुन्हा पिल्लं होऊ द्यायची नाहीत, घराघरांत सांगून यायचं आणि भुंग्यासाठी एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, आणि तुझं तोंड? ती म्हणाली, पट्टा आखूड धरायला सांगेन, आणि तू सोबत ये, काही झालं तर रिक्षा बघायला. अशी मी गेले. पर्समध्ये कापूस, जंतुनाशक आणि सुखरूप घरी येऊ दे हा एकच जप.

पहिलं घर एका शिंपिणीचं होतं. तिच्या मशीनखाली भुंग्याचा भाऊ कापडाच्या चिंध्यांवर पसरला होता. चिमीने हकीकत सांगितली, पट्टा शिंपिणीच्या हातात दिला आणि बिस्किट दातांत धरून त्याच्यापुढे वाकली. कुत्र्याने एकदा बघितलं, जांभई दिली आणि मान पुन्हा चिंध्यांवर टाकली. चिमी हसली. तो नाही हसला. शिंपीण मला हळूच म्हणाली, “काकू, हिला बशी देऊ का?”

दुसरं घर निवृत्त बसचालकाचं. त्यांच्याकडची कुत्री चिमीच्या अंगावरच आली आणि मी पर्समधला कापूस चाचपला, पण तिने बिस्किटाला तोंड न लावता चिमीचा कान चाटला आणि बसचालकांच्या बुटांवर जाऊन बसली. ते म्हणाले, हिला आम्ही ताटाजवळ फिरकू देत नाही, आमच्या घरात शिस्त आहे, फक्त मी पाळत नाही. त्यांच्या बायकोने आतून दुजोरा दिला. आणखी एका घरी गेलो, तिथला कुत्रा बिस्किट बघून लाळ गाळत बसला, पण जागचा हलला नाही.

प्रत्येक घरातून बाहेर पडताना माझं ओझं हलकं होत होतं आणि चिमीचं वाढत होतं. मला ते कळत नव्हतं. रक्त नाही, ही चांगली बातमी होती ना?

शेवटचं घर मिशीवाल्या काकांचं. हे शोच्या मैदानावरचे जुने खेळाडू. चिमीला रिंगमध्ये उभं राहायला त्यांनीच शिकवलं. भुंग्याची एक बहीण, भिंगरी, त्यांच्याकडे आहे आणि तिला त्यांनी स्वतः तयार केलंय. काका म्हणाले, ये दातवाले, ऐकलं मी, औषधवाल्याच्या पोरीने कुत्र्याला वेडावलं असणार. चिमीने भिंगरीचा पट्टा आखडून काकांच्या मुठीत दिला आणि बिस्किट दातांत धरलं.

भिंगरीने ते पाहिलं मात्र, आणि तिचं सगळं अंगच बदललं. चारी पाय जागच्या जागी रोवले गेले. मान वर, डोळे चिमीच्या ओठांवर. इतकी देखणी दिसत होती की मलासुद्धा क्षणभर विसर पडला आपण कशासाठी आलोय त्याचा. मग चिमी वाकली आणि हसली. हसताना ओठ सुटतात, बिस्किट किंचित हललं. भिंगरीने उडी घेतली. पट्टा ताडकन ताणला, चिमीच्या नाकापासून वीतभर अंतरावर दात वाजले. मी किंचाळले की नाही मला आठवत नाही, पर्स मात्र खाली पडली होती आणि कापूस लोळत होता.

काका खूश होऊन म्हणाले, “बघितलंस? काय ताठ उभी राहिली! याला म्हणतात तयारी.”

चिमीने दातांतलं बिस्किट काढून मुठीत चुरलं. ती म्हणाली, “काका, छोटीचा ओठ याच तयारीने फाटला.”

काका आधी हसले. मग म्हणाले की आपण इतकी वर्षं हेच करतो, कुणाला काही झालं का? पोरांनी तोंडात खाणं धरून कुत्र्यापुढे जाऊ नये, एवढं आईबापांनी शिकवायला नको? चिमीने विचारलं, तुमचा नातू येतो ना सुट्टीला? काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि भिंगरीला आत नेलं. परत आले तेव्हा त्यांनी आम्हाला पाणी विचारलं, कुत्र्याविषयी बोलले नाहीत.

बसमध्ये चिमी खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिला समजावत होते. रक्त नाही हे सिद्ध झालं, काजळ वाचली, आता औषधवाल्यांना इतकंच सांग की कुत्रा मुळात शांत आहे, मी त्याला माझ्याकडे ठेवते, लहान मुलांपासून दूर. खोटं त्यात काहीच नाही. उगाच सगळं ओतून बसू नकोस. ते भले गृहस्थ आहेत, पण मुलीच्या तोंडाचा प्रश्न आहे, उद्या तक्रार केली तर? तुझी नोकरी, तुझं नाव. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेशील.

ती म्हणाली, “आणि त्यांनी विचारलं, शांत आहे तर चावला का? तर काय सांगू?”

“सांग जनावर आहे.”

“जनावर आहे म्हणून तर मरतोय तो, आई.”

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. मी बरोबर गेले, कारण घरी थांबून मी काय केलं असतं? दुकानात गर्दी होती. औषधवाल्यांनी आम्हाला पाहिलं आणि मान हलवली, बसा म्हणाले नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत होते, जेवणाआधी की नंतर, तीन-तीनदा. आम्ही वजनाच्या काट्याशेजारी उभ्या राहिलो. घाईघाईने आलेली एक बाई मला म्हणाली, तुमचा नंबर आधी का? मी म्हटलं, नाही, तुम्ही घ्या. वाटलं, हिच्यानंतर अजून कुणी येवो, अजून कुणी येवो.

गर्दी ओसरली. चिमी काउंटरपाशी गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रिंग, दोन्ही हात गुंतलेले असणं, कलेजी, ओठ. शिंपिणीचा कुत्रा, बसचालकांची कुत्री, भिंगरी. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा होता, जसं ती मला कधी कधी सांगते की अमुक साच्यात बुडबुडा राहिला म्हणून कवळी टोचते. औषधवाले गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या हाताने सरळ करत ऐकत होते.

मग त्यांनी विचारलं, “म्हणजे माझ्या मुलीच्या तोंडावर झेपायचं तुम्ही शिकवलंत त्याला. माझ्या घरात येऊन. दर सुट्टीला.”

“हो.”

“आणि एकदाही डोक्यात आलं नाही, या घरात लहान मूल आहे म्हणून?”

“नाही आलं. आम्हा कुणाच्याच येत नाही.”

दारात एक माणूस आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग म्हणाले, “मी इतके दिवस मनाला समजावतोय की जनावर आहे, त्याला काय कळतं. तेवढाच आधार होता मला. तोही तुम्ही काढून घेतलात.”

चिमीने मान खाली घातली नाही, हे मला मागून दिसत होतं.

ते म्हणाले, “घेऊन जा त्याला. त्याला मारून आता मला काय मिळणार? पण पुन्हा त्या तुमच्या मैदानात त्याला उभा केलेला मला कळता कामा नये. आणि तुम्ही आमच्या घरी येऊ नका. छोटी विचारेल, तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन.”

चिमी म्हणाली, “तिला सांगा, भुंग्याची चूक नव्हती. आणि तिचीही नव्हती.”

त्यांनी दारातल्या माणसाला आत बोलावलं.

असा भुंगा आमच्या घरी आला. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, रिंगमधलं नाव काढलं, म्हणजे चिमीने ज्याच्यासाठी इतकी वर्षं थांबून काजळ निवडली, ते सगळं त्याच्यापुरतं तिथेच थांबलं. काजळसाठी ठरवलेला नरही, भुंगा सुधारेपर्यंत नवी पिल्लं नकोत म्हणून, तिने यंदा नको असं कळवलं. पिल्लांची वाट बघणाऱ्या माणसांना फोन करून कारण सांगितलं, पूर्ण. एक बाई फोनवर म्हणाल्या, कशाला सांगताय, आम्हाला काय कळणार होतं? चिमी म्हणाली, म्हणूनच. शोच्या मैदानावर जाऊन ती एकेकाला सांगून आली, तुकडा खिशात ठेवा, हातातून द्या, घरात मूल असेल तर आजच थांबवा. मी दोरीबाहेर उभी होते. कुणीतरी म्हणालं, आता कुत्र्यांना चमच्याने भरवायचं का? हशा झाला. तीही हसली, बोबड्या माणसांबरोबर तिने भांडण केलं नाही. एका तरुण बाईने मात्र तोंडातली कलेजी काढून रुमालात गुंडाळली. मिशीवाले काका त्या दिवशी आले नव्हते.

शिकवलेलं पुसायचं कसं, तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्याच्यासमोर खायचं. सतत. वेगवेगळ्या माणसांनी. तोंडात घास दिसला की त्याने आपल्या चटईवर जाऊन बसायचं आणि तिथे त्याला चटईवरच काहीतरी मिळणार. माणसाच्या तोंडातून कधीच काही मिळणार नाही, हे त्याच्या हाडात जायला हवं. चिमी दिवसभर कामावर. मग खाणार कोण? मी.

त्यामुळे हल्ली माझं काम खाणं हे आहे. त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं, आमच्या मध्ये लाकडी अडसर, आणि अडसराच्या अलीकडे मी, टोस्ट घेऊन. पहिल्यांदा घास तोंडाजवळ नेला तेव्हा तो भिंगरीसारखा ताठ झाला आणि माझा घास घशातच अडकला. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाबरू नका, त्याला कळतं. मी त्यांना विचारलं, न घाबरता कसं खातात, तेही शिकवता का? पण मी खाते. टोस्ट, बिस्किट, केळं. वजन वाढलंय. चिमी हसते, म्हणते, आई, कुत्र्यासाठी म्हणून तू गोड खातेस. आठवड्याभरात तो चटईकडे बघायला लागला. आता बहुतेक वेळा जातो. बहुतेक. या शब्दानेच मला झोप लागत नाही. कालच त्याने दोनदा चटई सोडून माझ्या तोंडाकडे पाहिलं, एकदा पुढचा पायही उचलला.

आणि आज संध्याकाळी औषधवाल्यांचा फोन आला. चिमीने फोन स्पीकरवर ठेवला, बहुधा माझ्यासाठीच, मी दारात येऊन उभी राहिले होते म्हणून. ते आधी काजळची चौकशी करत राहिले, मग दुकानाविषयी बोलले. छोटीचा ओठ बरा आहे, ती आरशात बघून जिभेने खूण चाचपते, शाळेत सगळ्यांना दाखवते. रोज विचारते भुंगा कुठे आहे. तिची आई नको म्हणते. त्यांना स्वतःला काय वाटतं ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी विचारलं, “तिला घेऊन आलो, लांबूनच दाखवला, तर चालेल? आता त्याची खात्री आहे का तुम्हाला?”

मी चिमीकडे बघत होते. हो म्हणाली असती तर ते आले असते. सगळं पुन्हा जुळलं असतं. अडसर आहे, मुसकं आहे, मी आहे. मी खुणेने म्हटलंसुद्धा, ‘म्हण हो.’

चिमी म्हणाली, “नाही. अजून नाही.”

पलीकडे काहीतरी खुट्ट वाजलं. मला वाटलं, कट केला.

“बरं,” ते म्हणाले. “मग पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतो. तेव्हाही खरंच सांगा.”

फोन बंद झाल्यावर चिमीने मला विचारलं, उद्यासाठी टोस्ट आहेत का? मी डबा उघडून बघितला. तळाशी होते थोडे. ती पिशवी घेऊन आणायला गेली, आणि ती परत येईपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले, नेहमीसारखी.